लग्न होऊन तीन वर्षं झाली, प्रोफाइल अजून उपवर

गोधडी (११ जानेवारी, रात्री ११:४२)

मंडळी, डोकं फिरलंय म्हणून पावणेबाराला धागा काढतेय, शुद्धलेखनाकडे बघू नका.

आज दुपारी धाकट्या बहिणीच्या आत्तेसासूबाईंचा फोन आला. त्यांच्या मुलासाठी मुली बघणं चालू आहे, रोज रात्री जेवणं झाली की चष्मा लावून एका स्थळांच्या साइटवर बसतात (साइटचं नाव लिहीत नाही, उगाच धागा उडायचा). काल त्यांना एक स्थळ फार आवडलं. मुलगी पदवीधर, पाच फूट तीन, नाडी मध्य, मंगळ नाही. फोटो मोठा करून बघितला तर मोरपंखी साडीतली आमची धाकटी! मागे मामेबहिणीचा रुखवत सुद्धा दिसतोय. म्हणजे सख्ख्या भाच्याची बायको बाई स्वतःच्या मुलासाठी बघत होत्या. वर हिरवा ठिपका आणि 'दोन दिवसांपूर्वी ऑनलाइन'.

बहिणीच्या लग्नाला तीन वर्षं झाली, दीड वर्षाची मुलगी आहे. ठिपका तिने लावलेला नाही हे आम्हाला माहितीये पण सासरी कोण समजावणार. भाऊजी हसले. सासूबाई हसल्या नाहीत.

तर झालं असं होतं की २०१९ साली बाबांनी ते प्रोफाइल काढलं. बाबांना कॉम्प्युटरचं काही कळत नाही, त्यांनी आमच्या चौकातल्या झेरॉक्सवाल्या दादाकडून काढून घेतलं, त्यानेच तिथल्या तिथे एक नवीन मेल आयडी पण काढून दिला, पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून दिला आणि चिठ्ठी गेली धुण्यात. मोबाइल नंबर दिला होता बहिणीचा कॉलेजचा, तो प्रीपेड होता, नंतर तिने रिचार्ज करणं सोडलं आणि नंबर गेला.

मी कस्टमर केअरला फोन केला. वीस मिनिटं सनई ऐकली (खरंच सनई लावलीये होल्डवर). मग एक मुलगी म्हणाली, मॅडम लॉगिन करून सेटिंगमध्ये जाऊन डिलीट करा. म्हटलं लॉगिन होत नाही. म्हणाली रजिस्टर्ड नंबरवरून फोन करा. म्हटलं तो नंबर आता आमचा नाही. म्हणाली मग रजिस्टर्ड मेलवरून मेल करा. म्हटलं पासवर्ड नाही. तर म्हणाली मॅडम सिक्युरिटीसाठी आहे हे, उद्या कोणीही फोन करून कोणाचंही प्रोफाइल डिलीट करायला सांगेल. बरोबर आहे की नाही? बरोबर आहे! म्हणून तर जास्त चिडचिड झाली. आणि फोन ठेवायच्या आधी विचारते, मॅडम तुमच्यासाठी किंवा घरात अजून कोणासाठी प्रीमियम प्लॅन बघायचा का, सध्या ऑफर आहे.

मग शेवटचा उपाय म्हणून त्या जुन्या नंबरवर फोन लावला. लातूरकडचे एक काका निघाले, पिठाची गिरणी आहे त्यांची, मागे गिरणीचा आवाज येत होता. त्यांना सगळं सांगितलं की काका तुमच्या नंबरवर एक ओटीपी येईल तेवढा सांगा. तर म्हणाले, "ताई, ओटीपी कुणाला देत नसतो आपण. बँकेत बोर्ड लावलाय." मग थोडं थांबून म्हणाले, "ते 'तुमच्यासाठी ११ नवे वर' म्हणून रोज येतंय ते तुमचंच का? पोरं मोबाइल बघून हसत्यात मला."

आता सांगा काय करू.

साबुवडा (११ जानेवारी, रात्री ११:५८)

आत्तेसासूबाईंना कुंडली जुळली का ते नाही सांगितलंत =))

सॉरी सॉरी. झोपायच्या आधी उगाच वाचलं, आता बायको विचारतेय काय हसतोयस. लातूरच्या काकांना मात्र साष्टांग नमस्कार, देशातला एकमेव माणूस जो बोर्ड वाचतो.

कीबोर्डझिजला (१२ जानेवारी, सकाळी ९:१५)

गोधडी ताई, हिरव्या ठिपक्याचं सांगतो. 'ऑनलाइन' म्हणजे कोणी साइट उघडून बसलंय असं नसतं दरवेळी. साइटकडून मेल जातात ना स्थळांचे, त्यातल्या फोटोवर किंवा बटणावर टिचकी मारली तरी बऱ्याच ठिकाणी तो सदस्य 'अॅक्टिव' धरला जातो कारण लिंकमध्येच त्याची ओळख असते. म्हणजे तो मेल कुठेतरी कोणीतरी उघडतंय. झेरॉक्सवाल्या दादाला विचारा एकदा.

बाकी डिलीट बटण का सापडत नाही यावर मी अधिकारवाणीने बोलू शकतो कारण असली पानं मी स्वतः बनवलीयेत, पाप फेडतोय आता. आधीच्या कंपनीत (नाव नको) नवीन खातं उघडायच्या स्क्रीनवर आम्ही चार महिने घासलेत, एक रकाना कमी केला की लोक किती वाढतात, बटण हिरवं बरं की केशरी, सगळं मोजायचो. खातं बंद करायचं काम एका टिकेटवर (म्हणजे कामांच्या यादीतल्या नोंदीवर) दीड वर्ष पडून होतं. दर प्लॅनिंगला कोणीतरी विचारायचं हे घ्यायचं का, आणि मॅनेजर म्हणायचा पुढच्या वेळी. कारण महिन्याच्या शेवटी वर दाखवायचा आकडा म्हणजे किती लोक सोडून गेले, आणि दारच नसेल तर जाणार कुठून. शेवटी अॅपलने नियम काढला की ज्या अॅपमध्ये खातं उघडता येतं त्यात ते डिलीट करायची सोय अॅपमध्येच हवी, ३० जून २०२२ ही तारीख, तेव्हा आमची धावपळ झाली. आठवड्यात बांधलं ते बटण. म्हणजे दीड वर्षाचं काम मुळात आठवड्याचंच होतं. गूगलने पण २०२३ मध्ये प्ले स्टोअरला तसाच नियम आणला, वर अॅप काढून टाकलेल्या माणसाला वेबवरून सुद्धा डिलीट मागता आलं पाहिजे असं घातलं.

आणि बटण दिलं तरी ते कुठे देतो? सेटिंग, मग खातं, मग प्रायव्हसी, मग तळाशी राखाडी अक्षरांत. 'राहू द्या' मोठ्ठं रंगीत, 'पुढे जा' बारीक. या सगळ्याला डार्क पॅटर्न म्हणतात, हॅरी ब्रिग्नल म्हणून एक डिझायनर आहे त्याने २०१० मध्ये हे नाव पाडलं. आत जाणं सोपं आणि बाहेर पडणं अवघड असला जो प्रकार त्याला तो झुरळांचा सापळा म्हणायचा. झुरळ म्हणजे आपण.

कहर सांगू का? अमेरिकेत एफटीसीने (तिथली ग्राहकांची बाजू बघणारी सरकारी संस्था) २०२३ मध्ये अॅमेझॉनवर केस केली, त्यात बाहेर आलं की प्राइम हे त्यांचं पैसे भरून घ्यायचं सदस्यत्व रद्द करायच्या रस्त्याला कंपनीत आतमध्ये 'इलियड' म्हणायचे. ते ग्रीकांचं ट्रॉयच्या युद्धाचं महाकाव्य. आपल्याकडे असती टीम तर चक्रव्यूह म्हणाली असती. सप्टेंबर २०२५ मध्ये अडीच अब्ज डॉलरला मिटवलं ते प्रकरण, चूक मात्र कबूल केली नाही.

तर्रीपोहे (१२ जानेवारी, सकाळी ९:४०)

काऊन बे झिजल्या, तूच होय का तो राखाडी अक्षरवाला! मी चष्म्याचा नंबर वाढला समजून डॉक्टरकडे गेलो होतो.

माझं डीमॅटचं रडगाणं. २०२१ ला ऑफिसातल्या पोराने रेफरलचे पैसे मिळतात म्हणून उघडून दिलं, एक शेअर घेतला नाही. दरवर्षी मेंटेनन्सचे पैसे खात्यात उणे दिसतात आणि मेसेज येते, भरा. बंद करायले गेलो तर म्हणे आधी उणे बाकी भरा. म्हणजे जेवलो नाही त्या खानावळीचं बिल. भरलं बापा. मग फॉर्म प्रिंट काढा, सही करा, बंगलोरला कुरिअर करा. उघडलं होतं मोबाइलवर, चड्डीवर बसून. सही जुळत नाही म्हणून फॉर्म परत. दुसऱ्यांदा पाठवला. झालं बंद एकदाचं, दोन महिन्यांनी.

वरणभातलिंबू (१२ जानेवारी, दुपारी १:०५)

माझ्या मुलाच्या अभ्यासाच्या अॅपने एक रुपयात सात दिवस ट्रायल दिली होती. एक रुपया जाताना यूपीआय पिन टाकला तेव्हा मी वाचलंच नाही की मी ऑटोपेला हो म्हणतेय. आठव्या दिवशी नऊशे नव्याण्णव गेले. अॅप काढून टाकलं. पुढच्या महिन्यात परत गेले. मी म्हटलं अॅपच नाही तर पैसे कसे गेले? तर अॅप काढणं आणि खातं बंद करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला चाळिसाव्या वर्षी हजार रुपये देऊन कळलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, त्या अॅपशी भांडत बसूच नका. आपण ज्यातून पैसे देतो त्या यूपीआय अॅपमध्ये ऑटोपे किंवा मँडेट म्हणून जागा असते, तिथे सगळ्या चालू कपातींची यादी येते, तिथूनच रद्द करायचं. माझ्या यादीत पाच निघाल्या, त्यातली एक नवऱ्याच्या जिमची जिथे तो जानेवारीत तीन दिवस गेला होता. आणि पैसे कापायच्या किमान २४ तास आधी मेसेज यायलाच हवा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. येतो तो मेसेज. आपण वाचत नाही कारण दिवसाला चाळीस येतात.

परखडराव (१२ जानेवारी, दुपारी २:३०)

फुकट मिळतंय म्हणून दिसेल तिथे नंबर टाकायचा आणि मग रडायचं. मी कुठेही खातं उघडत नाही, मला कधी त्रास होत नाही.

साबुवडा (१२ जानेवारी, दुपारी २:३४)

परखडराव, इथे कसे आलात मग, भिंतीवरून उडी मारून?

हॅम्बुर्गकर (१२ जानेवारी, संध्याकाळी ६:२०)

इकडे जर्मनीत एक मस्त गोष्ट आहे. १ जुलै २०२२ पासून कायदाच आहे की वेबसाइटवर करार करता येत असेल तर तो मोडायचं बटण पण त्याच वेबसाइटवर, लॉगिन न करता सापडेल असं हवं, आणि त्यावर 'करार इथे रद्द करा' असंच काहीतरी स्वच्छ लिहिलेलं हवं. 'आम्हाला सोडून चाललात?' वगैरे भावुक मजकूर नाही चालत. त्याआधी इथे फोनचा नाहीतर जिमचा करार तीन महिने आधी पत्र टाकून मोडावा लागायचा, मी आल्याआल्या एक पत्र चार दिवस उशिरा टाकलं तर आणखी एक वर्ष जिमचे पैसे भरलेत. तेव्हा जर्मन लोक पण फार शहाणे होते असं नाही, कायद्याने शहाणे केलं.

शिवाय युरोपभर २५ मे २०१८ पासून जीडीपीआर हा खाजगी माहितीचा कायदा लागू आहे त्यात कलम १७ म्हणजे माहिती पुसून टाका म्हणायचा हक्क. मी एका जुन्या डेटिंग साइटला (बायको इथे वाचते, २०१६ ची आहे, लग्नाआधीची) चार ओळींचा मेल टाकला, कलमाचा आकडा लिहिला, नवव्या दिवशी उत्तर आलं की पुसलं. कायद्यात एक महिना देतात त्यांना. आपल्याकडे असं काही आलंय का? वाचलं होतं कुठेतरी.

काळाकोट (१२ जानेवारी, रात्री ९:५०)

आलंय, पण पूर्ण यायचंय. सांगतो.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ च्या ऑगस्टमध्ये झाला. त्यात दोन गोष्टी या धाग्याच्या कामाच्या. एक, संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज काढून घेता आली पाहिजे. दुसरी, माहिती पुसायला सांगायचा हक्क, अर्थात दुसऱ्या कुठल्या कायद्यासाठी ती ठेवावी लागत नसेल तर. नियम मात्र यायला २०२५ चा नोव्हेंबर उजाडला आणि या हक्कांची कलमं त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार, म्हणजे २०२७ च्या मे मध्ये. तोवर या कायद्याचा धाक दाखवला तरी समोरचा वकील गालात हसेल.

आज हातात काय आहे? ताई, त्या साइटच्या अगदी तळाला 'तक्रार निवारण अधिकारी' असं सापडेल, नाव आणि मेल द्यावाच लागतो त्यांना. २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे तक्रार मिळाल्याची पोच २४ तासांत आणि निकाल ठरावीक मुदतीत द्यावा लागतो. कस्टमर केअरची मुलगी आणि हा अधिकारी यात जमीन अस्मानाचा फरक आहे, तिला स्क्रिप्ट वाचायची असते, याला लेखी उत्तर द्यावं लागतं. बहिणीच्या नावाने मेल करा, प्रोफाइलची लिंक, स्क्रीनशॉट, लग्नाचा दाखला जोडा, आधार जोडायचंच असेल तर आकडे झाकून. निकाल पटला नाही तर केंद्राची तक्रार अपील समिती आहे, ३० दिवसांत ऑनलाइन अपील करता येतं.

वरणभातलिंबू, तुमचं प्रकरण वेगळ्या खात्यात जातं. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्नविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात १३ प्रकार दिलेत आणि 'सबस्क्रिप्शन ट्रॅप' त्यात नाव घेऊन आहे. १९१५ ला फोन करा, ग्राहक हेल्पलाइन, मराठीत बोलता येतं. माझ्या एका अशिलाचे पैसे वकिलाची नोटीस न पाठवता नुसत्या तिथल्या तक्रारीने परत आले, माझी फी बुडाली.

आणि तर्रीपोहे, खातं बंद झालं तरी तुमचे कागद पुसले गेलेत असं समजू नका. बँक, वॉलेट, ब्रोकर यांना मनी लाँडरिंगच्या कायद्याने केवायसी संबंध संपल्यावर सुद्धा किमान पाच वर्षं ठेवावंच लागतं. तिथे 'सगळं पुसा' म्हणून भांडण्यात अर्थ नाही.

निवृत्तटपाल (१३ जानेवारी, पहाटे ५:१०)

मला एक विचारायचे होते. आमची ही गेली त्याला मार्चमध्ये दोन वर्षे होतील. फेसबुकवर तिचे खाते आहे. दर वाढदिवसाला लोक 'जीवेत शरदः शतम्' लिहितात, ज्यांना माहीत नाही ते. मी एकेकाला फोन करून सांगतो. मागच्या वर्षी अकरा जणांना केला. पासवर्ड तिचा तिलाच ठाऊक होता. बंद करावे असे वाटते आणि करूही नये असे वाटते, तिच्या पाककृती आहेत त्यात.

गोधडी (१३ जानेवारी, सकाळी ८:०२)

काका :(

माझं राहू दे, आधी काकांना कोणीतरी नीट सांगा.

कीबोर्डझिजला (१३ जानेवारी, सकाळी ८:४५)

काका, बंद करायची गरज नाही. फेसबुकला कळवलं आणि मृत्यूचा दाखला दिला की ते खातं 'स्मृती' खातं करतात, नावापाशी 'स्मरणार्थ' असं येतं, वाढदिवसाची आठवण लोकांना जात नाही, आणि पाककृती, फोटो जिथल्या तिथे राहतात. पासवर्ड लागत नाही. फक्त त्याच फॉर्ममध्ये 'खातं काढून टाका' असाही पर्याय असतो तो चुकून दाबू नका. मी व्यनि (खाजगी निरोप) केलाय, सोबत बसून करू, मी पण नाशिकलाच आहे. आधी पाककृती उतरवून घेऊ वहीत, ते महत्त्वाचं.

बाकीच्यांना, गूगलमध्ये 'निष्क्रिय खाते व्यवस्थापक' म्हणून एक सोय आहे, आपण किती महिने खात्याकडे फिरकलो नाही तर कोणाला कळवायचं, काय द्यायचं, की सगळं पुसायचं, हे आधीच ठरवून ठेवता येतं. पाच मिनिटांचं काम आहे. तसंही गूगल आता दोन वर्षं हात न लावलेली वैयक्तिक खाती पुसतं, डिसेंबर २०२३ पासून सुरू केलंय.

निवृत्तटपाल (१३ जानेवारी, सकाळी ९:३०)

आभारी आहे. तिळगूळ घ्यायला या उद्या.

पणजीकार (१३ जानेवारी, दुपारी १२:१५)

गोधडी, तुझ्या धाग्यामुळे मी काल रात्री माझ्या मेलमध्ये 'वेलकम' हा शब्द शोधला. दोनशे चौदा! त्यात एक केकचं दुकान जे कोविडमध्ये बंद पडलं, एक कोडी सोडवायची साइट, आणि कुठल्यातरी मॉलचं वायफाय. रात्री दोनपर्यंत बसून अडतीस बंद केली. एकाने बंद करायचं कारण किमान शंभर अक्षरांत लिहा म्हटलं, मी शंभर वेळा 'न' लिहिलं, चाललं. एकाने खातं बंद करायला आधी जन्मतारीख भरा म्हटलं जी त्यांच्याकडे नव्हतीच, म्हणजे जाता जाता अजून एक गोष्ट देऊन जा.

जिथे बंदच होत नाही तिथे मी आत जाऊन नाव, पत्ता, नंबर सगळं खोटं करून टाकलं. बरोबर केलं का?

कीबोर्डझिजला (१३ जानेवारी, दुपारी १:००)

बरोबर, फक्त पैसे, बँक, सरकारी कामात असं करायचं नाही. आणि जतन केलेलं कार्ड आधी काढायचं. आमच्याकडे बरेचदा डिलीट म्हणजे डेटाबेसमध्ये नावापुढे 'गेला' अशी एक खूण असते, माणूस तिथेच बसलेला असतो, फक्त दिसत नाही. म्हणून आधी माहिती बदलायची, मग खातं बंद करायचं, म्हणजे राहिलंच तर खोटं राहील.

आणि पडीक खात्याला काय होतंय म्हणणाऱ्यांसाठी: २०१६ मध्ये मायस्पेस या फेसबुकच्या आधीच्या सोशल साइटची ३६ कोटींच्या आसपास खाती बाजारात विकायला आली. २०१६ ला मायस्पेस कोण वापरत होतं! डेटा २०१३ च्या आधीचा होता. लोक विसरले, पासवर्ड मात्र तोच पुढे सगळीकडे वापरत राहिले.

परखडराव (१३ जानेवारी, दुपारी १:४०)

मी पण शोधलं. सत्तावीस. बोलू नका कोणी.

गोधडी (१४ जानेवारी, रात्री १०:३०)

सगळ्यांना तिळगूळ. आता बसा आणि ऐका.

आज संक्रांतीचं माहेरी गेले. झिजलेंनी सांगितलं होतं ना की मेल कोणीतरी उघडतंय. झेरॉक्सवाल्या दादाचं दुकान आता मोमोजचं झालंय, तो मार्ग बंद. हळदीकुंकवाची तयारी चालू होती, आई स्वयंपाकघरात बाबांच्या जुन्या मोबाइलवर हरिपाठ लावून तिळाचा पाक बघत होती. तो फोन बाबांनी टाकून दिलाय असं मी समजत होते, काच फुटलेली, मागे रबर लावलंय. तेवढ्यात वर टिंग करून एक फोटो आला. आईने चिकट बोट पदराला पुसलं, फोटो दाबला आणि मला दाखवून म्हणते, "हा बघ, काय छान मुलगा आहे, सोलापूरचा आहे."

मी तिथेच पाटावर बसले.

तो मेल आयडी त्या फोनमध्ये २०१९ पासून लॉगिन आहे!! आईला वाटायचं ही पण जाहिरातच असते. रोज दुपारी भांडी झाली की ती दोन चार मुलं बघते. "नुसतं बघते गं, मी कुठे काय दाबते." हिरवा ठिपका म्हणजे आमची आई.

साइटवर 'ओटीपी मेलवर पाठवा' असा पर्याय होता, आत शिरले. मग सुरू झालं. सेटिंग, त्यात अकाउंट, त्यात 'दृश्यता', त्यात खाली 'प्रोफाइल लपवा किंवा काढा'. दाबलं तर १५ दिवस, १ महिना, ३ महिने लपवायचे गोल, ३ महिने आधीच निवडलेला, काढायचं कुठेच नाही. खाली सरकवलं तर 'इतर' मध्ये सापडलं. मग कारण. लग्न ठरलं म्हटलं तर जोडीदाराचं नाव, फोटो आणि आमच्यामुळे कसं जमलं ते लिहा, बक्षीस मिळेल. मागे आले, 'सांगायचं नाही' निवडलं. मग एका सोलापूरच्या मुलाचा फोटो आणि 'हे तुमची वाट बघत आहेत'. तोच मुलगा! आई मागून म्हणते, अगं त्याला वाईट वाटेल. मग 'नक्की?', मग 'डिलीट' हा शब्द इंग्रजी मोठ्या अक्षरांत टाईप करा, मग परत मेलवर ओटीपी. एकूण नऊ स्क्रीन, पाक जळला.

मेल आला की ३० दिवसांत कायमचं जाईल, तोवर लॉगिन केलंत तर परत चालू होईल. म्हणून फोनमधून तो मेल आयडीच काढला. काळाकोट, तक्रार अधिकाऱ्याला मेल पण टाकलाय, पोच आली चोवीस तासांच्या आत, धन्स. आत्तेसासूबाईंना बहिणीने स्क्रीनशॉट पाठवला, त्यांनी अंगठा पाठवला. सासूबाईंचं अजून कळलं नाही.

तर्रीपोहे (१४ जानेवारी, रात्री १०:४१)

आईले आता दुपारी काय?

गोधडी (१४ जानेवारी, रात्री १०:४४)

तिने विचारलं सुद्धा, "मग आता काही येणार नाही का यावर?"

हॅम्बुर्गकर (१५ जानेवारी, पहाटे २:१५)

सोलापूरच्या मुलाची लिंक काकूंकडे असेल तर द्या, माझी चुलत बहीण आहे. सिरियसली.

गोधडी (१७ जानेवारी, सकाळी ११:२०)

धागा वर आणतेय. आत्ता लातूरच्या काकांचा फोन आला, त्यांनी स्वतःहून केला. म्हणाले, "ताई, दोन दिवस झाले, वर बंद झाले. पोरं नाराज हायेत." मी हसले, थँक्यू म्हटलं. मग म्हणाले, "पण ते बँकेचं येतंय अजून. तुमच्या बहिणीचंच नाव हाय त्यात, खात्यात पैसे कमी पडले म्हणून दंड लागलाय म्हणं. तीन वर्षं झाली येतंय. मला वाटलं तुम्हाला ठाव असंल."

बहिणीला विचारलं. कॉलेजचं स्कॉलरशिपचं खातं. ती विसरूनच गेली होती.

काळाकोट (१७ जानेवारी, सकाळी ११:३१)

सोमवारी उघडतील तेव्हा पासबुक, पॅन, लग्नाचा दाखला घेऊन बहिणीला स्वतः जायला सांगा, आधी नंबर बदलायचा अर्ज, मग खातं बंद करायचा. रिचार्ज सोडलेला नंबर बंद झाल्यावर ९० दिवसांनी दुसऱ्याला देता येतो, तो दिलाय, त्यात काकांची काही चूक नाही. आणि एक आत्ताच बघा, बहिणीच्या आधारला कुठला नंबर जोडलेला आहे?

गोधडी (१७ जानेवारी, सकाळी ११:३३)

अरे देवा.

थांबा, विचारते तिला.